दवाखान्याचं रोजचं काम आणि कर्मचारी: घडी बसवायची ती कोणत्या क्रमाने

दवाखान्यात गोंधळ वाढला की बहुतेक डॉक्टर आधी आणखी एक माणूस कामावर ठेवतात. मग नवं सॉफ्टवेअर घेतात. तरीही बाहेरची गर्दी हटत नाही, तेव्हा रिसेप्शनवर बसलेल्या व्यक्तीवर चिडतात. हा क्रमच उलटा आहे. कोणतं काम कोणी, कधी करायचं आणि ते झालं हे कशावरून कळणार, एवढं ठरलेलं नसेल तर नवा माणूसही महिन्याभरात त्याच गोंधळाचा भाग होतो. म्हणून आधी काम लिहून काढायचं, मग ते माणसांना वाटायचं, मग वेळापत्रक, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

एक ते चार डॉक्टर आणि दहा-बारापर्यंत कर्मचारी असलेल्या दवाखान्यासाठी हे टप्पे आहेत. ते याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळला तर पुढचा टिकत नाही.

टप्पा १: आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त नोंदी करा

पहिली नोंद वेळेची. प्रत्येक केसपेपरला एक चिठ्ठी जोडा आणि तिच्यावर या चार क्षणांची वेळ लिहायला सांगा: पेशंट आला, आत गेला, बाहेर आला, दवाखान्यातून निघाला. आठवड्याच्या शेवटी या चिठ्ठ्या समोर ठेवल्या की वेळ नेमका कुठे जातो ते दिसतं. पुष्कळदा तो तपासणीत गेलेलाच नसतो. तपासणी संपल्यावर पैसे, औषधं आणि पुढची तारीख यांसाठी लोक एकाच खिडकीसमोर ताटकळलेले असतात.

दुसरी नोंद अडथळ्यांची, आणि माझ्या मते ती जास्त मोलाची. तपासणी चालू असताना ‘सर, एक मिनिट’ म्हणत दार किती वेळा उघडलं आणि कशासाठी, हे टेबलावरच्या कागदावर डॉक्टरांनी स्वतः लिहायचं. प्रमाणपत्रावर सही हवी, चिठ्ठीतलं औषधाचं नाव लागत नाही, अमुक इंजेक्शन संपलंय, नातेवाईक फोनवर आहेत. दार उघडण्याचं जवळजवळ प्रत्येक कारण म्हणजे धनी नसलेलं एक काम असतं. हीच यादी पुढच्या टप्प्याचा कच्चा माल.

सावधान: नोंदी कशासाठी चालल्या आहेत ते कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. आपल्यावर पाळत ठेवली जातेय असं वाटलं तर वेळा अंदाजाने भरल्या जातील आणि आठवडा वाया जाईल.

टप्पा २: प्रत्येक कामाला एक धनी आणि एक पर्यायी

आता सगळी कामं एका कागदावर उतरवा. हे एकट्याने बसून करू नका. जे काम जो करतो त्यालाच ते कसं होतं ते विचारा. साफसफाई करणाऱ्या मावशींना कचऱ्याच्या डब्यांबद्दल जे माहीत असतं ते डॉक्टरांना माहीत नसतं.

काम लिहिताना ते इतकं स्पष्ट हवं की नवा माणूस वाचून करू शकेल. ‘फ्रीजकडे लक्ष ठेवणे’ असं लिहून काहीच होत नाही. ‘दवाखाना उघडल्यावर आणि बंद करण्याआधी लसीच्या फ्रीजचं आत्ताचं, किमान आणि कमाल तापमान तक्त्यात लिहिणे, थर्मामीटर रीसेट करणे, सही करणे’ असं लिहिलं तर ते काम होतं.

मग प्रत्येक कामापुढे दोन नावं टाका: रोज करणारा, आणि तो नसताना करणारा. दोन्हीकडे एकच नाव येत असेल तर ती दवाखान्यातली सर्वात कच्ची जागा समजा. ती व्यक्ती आजारी पडेल त्या दिवशी काम अडणार हे नक्की. ‘सगळ्यांनी मिळून बघा’ असं कोणत्याही कामापुढे लिहू नका. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं.

कोणी काय करायचं नाही, हेही याच कागदावर हवं. इंजेक्शन, ड्रेसिंग, औषधाचा डोस सांगणं ही कामं ज्याचं शिक्षण आणि परवानगी आहे त्यानेच करायची. गर्दीच्या वेळी ‘तूच दे ना पटकन’ म्हणून ही रेषा ओलांडली जाते, आणि ओलांडायला सांगणारे बहुतेकदा डॉक्टरच असतात.

तपासून पाहा: यादीतलं कोणतंही एक काम निवडा आणि पर्यायी व्यक्तीकडून ते आजच करून घ्या. तिला रोजच्या माणसाला विचारावं लागलं तर लिखाण अपुरं आहे.

टप्पा ३: वेळापत्रक मोजून बांधा

पहिल्या टप्प्यातल्या चिठ्ठ्या आता उपयोगी पडतात. समजा, एका पेशंटला लिहिण्यासकट सरासरी १२ मिनिटं लागतात आणि ओपीडी तीन तासांची आहे. १८० मिनिटांत १५ जागा होतात. त्यातल्या १२ आधी द्या आणि ३ रिकाम्या ठेवा: दोन त्याच दिवशी येणाऱ्या तातडीच्या पेशंटसाठी, एक मधोमध, मागे पडलेला वेळ भरून काढायला. रिकाम्या जागा बघून हात शिवशिवतात, पण त्या भरल्या की अख्खा दिवस पुढे ढकलला जातो.

नवा पेशंट आणि फेरतपासणी यांच्या वेळेत मोठा फरक असेल तर दोन वेगळ्या मापांच्या जागा करा. सगळ्यांना एकच माप लावणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे एकाच वेळेला पाच जणांना बोलावणं, कारण ‘कुणीतरी येणार नाहीच’. जे येतात ते मग तासभर बसतात आणि पुढच्या वेळी मुद्दाम उशिरा येतात.

नंबर लावण्याची पद्धत असेल तर चिठ्ठीवर नुसता नंबर देऊ नका, अंदाजे वेळही लिहा. उशीर होतोय हे पेशंटने विचारण्याआधी रिसेप्शनने सांगायचं: ‘डॉक्टर साधारण अर्धा तास मागे आहेत, बाहेर जाऊन आलात तरी चालेल.’ एवढं एक वाक्य बोलल्याने खिडकीवरची निम्मी भांडणं टळतात.

आणि डॉक्टर स्वतः रोज वीस मिनिटं उशिरा येत असतील तर या टप्प्यातलं काहीही चालणार नाही. ते आधी दुरुस्त करा.

टप्पा ४: रिसेप्शन आणि फोन

ही जागा सर्वात नवख्या माणसाला दिली जाते आणि सर्वात अवघड निर्णय तिथेच होतात. फोनवर किंवा खिडकीशी कोण थांबू शकतं आणि कोण नाही, हे ओळखावं लागतं. म्हणून टेबलावर काचेखाली एक यादी ठेवा. यातलं काहीही ऐकलं की नंबर बघायचा नाही, थेट डॉक्टरांना सांगायचं:

- छातीत दुखणं, दम लागणं
- तोंड वाकडं होणं, हातपाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं
- बेशुद्धी, फिट
- न थांबणारा रक्तस्राव, गरोदरपणातला कोणताही रक्तस्राव
- तीन महिन्यांहून लहान बाळाला ताप
- औषध किंवा इंजेक्शननंतर ओठ-चेहऱ्याला सूज, अंगावर गांधी आणि घुसमट
- जीव देण्याची भाषा

फोनवरचा माणूस दवाखान्यापासून दूर असेल तर त्याला ‘या, लगेच बघू’ म्हणणंही चूक ठरू शकतं. अशा वेळी ॲम्ब्युलन्स बोलवायला किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायला सांगायचं. ते वाक्य आधीच लिहून ठेवा, म्हणजे घाईत शब्द शोधावे लागत नाहीत.

रिसेप्शनवरून औषधाचा सल्ला मात्र कधीच जाऊ नये. ‘मागचीच गोळी घ्या’ हासुद्धा सल्लाच आहे.

ओळख पटवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पूर्ण नाव आणि जन्मतारीख, अशा दोन खुणा जुळल्याशिवाय केसपेपर काढायचा नाही. विचारतानाही ‘तुम्हीच ना अमुक?’ असं विचारू नका. ऐकू न आलेला माणूस मान डोलावतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारा.

सावधान: येण्याचं कारण खिडकीवर मोठ्याने विचारू नका. मागे उभ्या असलेल्या चार जणांना ते कळण्याची काही गरज नाही. कागद-पेन पुढे करा, किंवा एका बाजूला बोलण्याची सोय करा.

टप्पा ५: उघडतानाची तपासणी आणि दहा मिनिटांची बैठक

पहिला पेशंट येण्याच्या अर्धा तास आधी एकाने यादी हातात घेऊन फिरायचं. लसीचा फ्रीज २ ते ८ अंश सेल्सिअसच्या आत आहे का. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा कुठे आहे, चावी जागेवर आहे का. तातडीच्या ट्रेमध्ये ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारं इंजेक्शन) पहिल्या जागी आहे का, मुदत संपलेली नाही ना, आणि डॉक्टरांनी सही केलेलं वयानुसार डोसचं कार्ड तिथेच लावलेलं आहे का. हात धुण्याच्या जागी साबण, पाणी आणि पुसायला कागद आहे का.

फ्रीजबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथली चूक डोळ्यांना दिसत नाही. तापमान जास्त झालं तर लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठल्याने बिघडते हे मात्र विसरलं जातं. हिपॅटायटिस-बी किंवा घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात यांसारख्या लसी एकदा गोठल्या की वितळल्यावरही निकामीच. म्हणून लस बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवायची नाही, दारातही नाही, आणि त्या फ्रीजमध्ये दुसरं काहीही नाही.

तक्ता तपासताना बारकाईने बघा. महिन्याभराच्या नोंदी एकाच पेनने, एकाच तिरप्या अक्षरात आणि रोज नेमक्या ५ अंशांच्या असतील तर त्या एका बसणीत भरलेल्या आहेत. खऱ्या तक्त्यात आकडे हलतात: ४.२, ५.१, वीज गेली त्या दिवशी ७.६. तापमान मर्यादेबाहेर गेलेलं आढळलं तर लस लगेच फेकूही नका आणि वापरूही नका. ‘वापरू नका’ अशी चिठ्ठी लावून ती योग्य तापमानाच्या दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवा, किती वेळ आणि किती अंश ते लिहा, आणि लस पुरवणाऱ्याकडून किंवा लसीकरण विभागाकडून निर्णय घ्या.

तपासणी झाली की सगळ्यांनी उभ्या-उभ्या दहा मिनिटं भेटायचं. आज कोण नाही, त्याचं काम कोणाकडे. आज अवघड किंवा जास्त वेळ घेणारे पेशंट कोणते. काय संपलंय. काल काय राहिलं. बस, एवढंच. उणीदुणी काढायची ही जागा नाही. एकदा का इथे कुणाला बोल लावला, की दुसऱ्या दिवसापासून कोणी तोंड उघडणार नाही.

टप्पा ६: गेलेला प्रत्येक नमुना परत आलाच पाहिजे

या लेखातला एकच टप्पा पाळणार असाल तर हा पाळा. पेशंटला खरी इजा इथे होते, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. रक्त तपासायला गेलं, रिपोर्ट आला, रिसेप्शनच्या ट्रेमध्ये पडला, पेशंट पुन्हा आला नाही. दोन महिन्यांनी तो आजारी होऊन येतो तेव्हा रिपोर्ट केसपेपरला व्यवस्थित लावलेला असतो, फक्त कुणी वाचलेला नसतो. ‘काही असेल तर कळवू’ असं आपण पेशंटला सांगितलेलं असतं. काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून तो घरी निर्धास्त असतो.

१. एक स्वतंत्र वही किंवा तक्ता करा. रकाने सात: तारीख, पेशंट, तपासणी, कधी अपेक्षित, कधी आला, डॉक्टरांनी पाहिल्याची सही, पेशंटला कळवल्याची तारीख आणि कळवणाऱ्याचं नाव.

२. नमुना दवाखान्यातून निघण्याआधी ओळ भरायची, नंतर नाही. नळीवर नाव पेशंटच्या समोरच लिहायचं, रक्त काढल्याबरोबर. आधी लिहून ठेवलेल्या नळ्यांमधूनच अदलाबदल होते.

३. आलेला रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीशिवाय केसपेपरला लावायचा नाही. हा नियम अपवादाशिवाय. ‘नॉर्मल दिसतोय’ हे ठरवणं रिसेप्शनचं काम नाही.

४. रोज ठरलेल्या वेळी धन्याने वही उघडून रिकामे रकाने शोधायचे. अपेक्षित तारीख उलटली की लॅबला फोन. कळवल्याचा रकाना रिकामा असेल तर पेशंटला फोन.

५. पेशंट फोन उचलत नसेल तर किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर काय, हे डॉक्टरांनी ठरवून लिहून ठेवायचं. प्रत्येक प्रयत्नाची नोंद हवी.

लॅबकडून धोक्याचा आकडा फोनवर आला तर तो लिहून परत वाचून दाखवायचा. ‘पोटॅशियम सहा पूर्णांक आठ, बरोबर?’ समोरून ‘हो’ आल्यावर उठायचं आणि डॉक्टरांपर्यंत जायचं, पेशंट आत असला तरी. एवढं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं, इथे ओपीडी संपेपर्यंत थांबता येत नाही. टप्पा १ मधल्या नोंदीवरून दार उघडणं कमी केलं ते यासाठीच, की अशा वेळी उघडलेल्या दाराला किंमत राहावी.

पेशंटला सांगताना वाक्य बदला. ‘काही असेल तर कळवू’ ऐवजी ‘शुक्रवारपर्यंत आमचा फोन येईल. नाही आला तर तुम्ही आम्हाला करा.’

तपासून पाहा: महिनाभरापूर्वीच्या कोणत्याही दहा तपासण्या निवडा. दहाही ओळींत शेवटचा रकाना भरलेला आहे का? एक जरी रिकामी असेल तर आजच त्या पेशंटपर्यंत पोहोचा.

टप्पा ७: साठा, निर्जंतुकीकरण, सुया

साठ्याचा नियम सोपा आहे: ज्याची मुदत आधी संपते ते पुढे. आधी आलेलं पुढे नव्हे, कारण नंतर आलेल्या खोक्याची मुदत कधी कधी आधीची असते. प्रत्येक वस्तूसाठी ‘इतकं उरलं की मागवायचं’ असा आकडा ठरवून कप्प्यावर चिकटवा. नाव किंवा वेष्टन सारखं असलेली औषधं शेजारी ठेवू नका. अनेक डोसांची बाटली उघडली की उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर २८ दिवसांनंतर ती टाकायची.

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने साहित्य निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये, वेळ तापमान गाठल्यापासून मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. १२१ अंशांना किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना ३ मिनिटं हे धरून ठेवण्याचे आकडे आहेत. गुंडाळलेल्या साहित्याला जास्त लागतात, तिथे मशीनची पुस्तिका प्रमाण. साहित्याच्या पाकिटावर लावलेल्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं, आतलं साहित्य निर्जंतुक झाल्याची ती खात्री नव्हे. ओलं पाकीट निघालं तर ते निर्जंतुक धरायचं नाही.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुयांचा डबा हाताच्या अंतरावर हवा आणि तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि त्याच क्षणी सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं गरज असल्यास जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. रागावतील या भीतीने संध्याकाळपर्यंत गप्प बसलेला कर्मचारी यातला मोलाचा वेळ गमावतो. सुया आणि रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस-बीची लस कामावर घेतानाच द्या. यात सफाई करणारेही आले. कचरा उचलताना त्यांनाच सुया टोचतात.

टप्पा ८: बंद करताना

पैसे घेणारा आणि संध्याकाळी मोजणारा, माणसं वेगळी हवीत. पावत्या, रोख, ऑनलाइन जमा आणि केसपेपरची संख्या हे चारही जुळवा. फरक असेल तर तो त्याच दिवशी लिहा, खिशातून भरून जुळवून टाकू नका. दवाखाना बंद करण्याआधी रिपोर्टची वही, फ्रीजचा तक्ता आणि उद्याची यादी एकदा नजरेखालून घाला.

संगणकावरच्या नोंदींची प्रत रोज निघत असेलही, पण ती परत उघडते का हे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष उघडून पाहा. न तपासलेली प्रत अडचणीच्या दिवशीच दगा देते.

टप्पा ९: रजा, नवा माणूस, चूक

रजेचा तक्ता सगळ्यांना दिसेल असा लावा. एकाच कामाचे धनी आणि पर्यायी एकाच दिवशी रजेवर जाऊ शकत नाहीत, एवढा एक नियम पुरे.

नव्या माणसाने पहिले काही दिवस फक्त बघायचं, मग कुणाच्या देखरेखीखाली करायचं, मग एकट्याने. प्रत्येक कामापुढे ‘करून दाखवलं’ अशी तारीख आणि शिकवणाऱ्याची सही घ्या. ‘सांगितलं होतं’ आणि ‘जमतं’ यांत फार अंतर आहे.

चूक झाली की पहिला प्रश्न ‘कुणी केली’ हा नको, ‘कोणत्या पायरीवर झाली’ हा हवा. चुकीच्या केसपेपरवर औषध लिहिलं गेलं तर दोन खुणा विचारल्या होत्या का, नसतील तर का नव्हत्या, त्या वेळी खिडकीवर कोण एकटं होतं. उत्तर मिळालं की यादीतली ती ओळ बदला आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत नाव न घेता सांगा. व्यक्तीशी बोलायचं असेल तर दार लावून, पेशंटसमोर कधीच नाही. आणि ज्या पेशंटच्या बाबतीत चूक झाली त्याला डॉक्टरांनी स्वतः सांगायचं. ते काम कर्मचाऱ्यावर ढकलू नका.

इथे मी एकच रेषा कडक ठेवेन. स्वतःहून सांगितलेल्या चुकीला शिक्षा नाही. खोट्या नोंदीला मात्र माफी नाही, मग ती तापमानाची असो की रिपोर्ट कळवल्याची. हे दोन्ही कामावर घेतानाच तोंडी आणि लेखी सांगा.

अंमलात आणताना

नऊही टप्पे सोमवारी एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा नोंदींचा, दुसरा कामवाटपाचा. रिपोर्टची वही आणि तातडीच्या लक्षणांची यादी तेवढी वाट न बघता उद्यापासून सुरू करा, कारण त्यांना उशीर परवडत नाही. वेळापत्रक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बदला आणि जुन्या पद्धतीने वेळ घेतलेल्या पेशंटना आधी कळवा. सॉफ्टवेअरचा विचार कागदावरची पद्धत दोन महिने विनाअडथळा चालल्यावर करा. तोपर्यंत त्यात कोणते रकाने हवेत हे विक्रेत्याला तुम्ही सांगू शकाल.